मसादा

मसादा (हिब्रू: मेत्सादा, अर्थ: 'दुर्ग') हा इस्रायलमधील ज्यूडियाच्या वाळवंटाच्या पूर्व सीमेवर, मृत समुद्राच्या नैऋत्य किनाऱ्याजवळ एका सुट्या खडकाळ पठारावर बांधलेला प्राचीन किल्ला आहे. किल्ल्यावरील बहुतेक वास्तू ज्यूडियाचा राजा हेरोद याने इ.स.पू. पहिल्या शतकाच्या उत्तरार्धात उभारल्या. पहिल्या ज्यू-रोमन युद्धाच्या अखेरीस, इ.स. ७३ किंवा ७४ मध्ये, रोमन सैन्याने किल्ल्याला वेढा घालून तो जिंकला. किल्ल्यावरील ९६० लोकांनी शरण जाण्याऐवजी मरण पत्करले, असे इतिहासकार जोसेफस याने लिहिले आहे. या घटनेमुळे मसादा विसाव्या शतकात ज्यू राष्ट्रवादाचे आणि पुढे इस्रायल राष्ट्राचे एक ठळक प्रतीक बनले.

१९६६ मध्ये मसादा राष्ट्रीय उद्यान म्हणून घोषित झाले. २००१ मध्ये युनेस्कोने जागतिक वारसा स्थळांच्या यादीत त्याचा समावेश केला. हेरोदचे राजवाडे आणि पायथ्याभोवतीची रोमन वेढ्याची बांधकामे या दोन्हींचे अवशेष येथे एकत्र टिकून आहेत. वेढा पडला आणि किल्ला पडला, याबद्दल पुरातत्त्वीय पुरावा स्पष्ट आहे. सामूहिक आत्मनाशाच्या कथेचा आधार मात्र मुख्यतः एका ग्रंथापुरता मर्यादित असून तिच्या तपशिलांविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत.

भूगोल

मसादाचे पठार अराद शहराच्या पूर्वेस सुमारे २० किलोमीटर, तर एन गेदी या मरूद्यानाच्या दक्षिणेस सुमारे १७ किलोमीटर अंतरावर आहे. मृत समुद्राच्या खचदरीलगत भूकवचाचा एक ठोकळा दोन्ही बाजूंच्या भेगांमधून वर उचलला गेल्याने हे पठार तयार झाले. चुनखडक आणि डोलोमाइट हे त्याचे मुख्य खडक आहेत. सभोवती खोल घळी असल्याने ते शेजारच्या डोंगररांगेपासून तुटलेले दिसते.

पठाराचा माथा सपाट व चौकटच्या आकाराचा आहे. त्याची लांबी सुमारे ५५० मीटर आणि रुंदी सुमारे २७० मीटर आहे. पूर्वेकडील कडा सुमारे ४०० मीटर उंच आहे, तर पश्चिमेकडे ही उंची सुमारे ९० मीटरच भरते. मृत समुद्राची पातळी जागतिक समुद्रसपाटीपेक्षा ४०० मीटरहून अधिक खाली आहे. त्यामुळे पायथ्यापासून छाती दडपणारा हा किल्ला प्रत्यक्षात समुद्रसपाटीपेक्षा थोडासाच उंच आहे. पूर्व आणि पश्चिम बाजूंच्या उंचीतील या फरकामुळेच रोमनांनी हल्ल्यासाठी पश्चिम बाजू निवडली.

हवामान अतिशय उष्ण व कोरडे आहे. पाऊस अत्यल्प असतो आणि तो हिवाळ्यातील मोजक्या दिवसांत पडतो. अशा वेळी पश्चिमेकडील डोंगरांतून येणाऱ्या ओढ्यांना अचानक पूर येतात. किल्ल्याची संपूर्ण पाणीव्यवस्था याच अल्पजीवी पुरांवर आधारलेली होती.

इतिहास

हेरोदपूर्व काळ

जोसेफसच्या म्हणण्यानुसार मसादा येथे प्रथम किल्ला बांधला तो 'महायाजक योनाथान' याने. हा योनाथान म्हणजे हासमोनियन घराण्यातील नेमका कोण, याविषयी एकमत नाही. हासमोनियन काळातील म्हणून निःसंशय ओळखता येईल अशी एकही वास्तू उत्खननात मिळालेली नाही.

इ.स.पू. ४० मध्ये पार्थियनांच्या मदतीने अँटिगोनस याने जेरुसलेमची सत्ता बळकावली. तेव्हा हेरोदने आपले कुटुंब आणि वाग्दत्त वधू मरियमने यांना मसादावर ठेवले, किल्ला आपला भाऊ योसेफ याच्या हवाली केला आणि तो स्वतः मदतीसाठी रोमला गेला. अँटिगोनसने किल्ल्याला वेढा दिला. आतील पाणी संपत आले आणि योसेफ पळून जाण्याच्या विचारात होता. त्याच रात्री पाऊस पडून टाकी भरली आणि किल्ला वाचला, असे जोसेफस सांगतो. मसादावर पुढे झालेल्या प्रचंड जलसंचयाच्या कामाला या अनुभवाची पार्श्वभूमी होती, असे मानता येते.

हेरोदची बांधकामे

रोमन सिनेटने राजा म्हणून मान्यता दिल्यानंतर हेरोदने इ.स.पू. ३७ मध्ये जेरुसलेम घेतले. त्यानंतर त्याने मसादाचे रूपांतर एका सुसज्ज दुर्गात केले. जोसेफसच्या मते त्याला दोन भीती होत्या: स्वतःची प्रजा उलटून जुन्या राजघराण्याला गादीवर बसवील ही एक, आणि ज्यूडियावर डोळा ठेवून असलेली इजिप्तची राणी क्लिओपात्रा ही दुसरी. प्रत्यक्षात हेरोदला येथे आश्रय घेण्याची वेळ पुन्हा आली नाही. इ.स.पू. ४ मध्ये त्याचा मृत्यू झाला. त्यानंतरच्या काळात किल्ल्यावर रोमन शिबंदी होती.

सिकारींचा ताबा

इ.स. ६६ मध्ये रोमविरुद्ध उठाव सुरू झाला, तेव्हा मेनाहेम याच्या नेतृत्वाखालील ज्यू बंडखोरांनी मसादावरील रोमन शिबंदी मारून किल्ला घेतला. जोसेफस या गटाला 'सिकारी' म्हणतो. कपड्यांत लपवता येणाऱ्या आखूड खंजिराच्या 'सिका' या लॅटिन नावावरून हा शब्द आला. मेनाहेम जेरुसलेममध्ये प्रतिस्पर्धी ज्यू गटांकडून मारला गेला. त्याचा नातेवाईक एलाझार बेन याईर काही अनुयायांसह मसादाला निसटला आणि शेवटपर्यंत तेथील प्रमुख राहिला.

जेरुसलेमच्या संरक्षणाच्या निर्णायक लढाईत या गटाने भाग घेतला नाही. आसपासच्या गावांवर छापे घालून तो रसद मिळवत असे. वल्हांडण सणाच्या काळात त्यांनी एन गेदी या ज्यू वस्तीवर हल्ला करून सातशेहून अधिक स्त्रिया व मुले मारली, असे जोसेफसने नोंदवले आहे. इ.स. ७० मध्ये जेरुसलेम पडले आणि तेथील मंदिर जळाले. त्यानंतर काही निर्वासितही मसादावर आले असावेत.

रोमन वेढा

जेरुसलेमनंतर बंडखोरांच्या हाती राहिलेल्या किल्ल्यांपैकी मसादा हा शेवटचा होता. ज्यूडियाचा रोमन सुभेदार लुसियस फ्लेवियस सिल्वा याने दहावी लीजन फ्रेटेन्सिस आणि साहाय्यक पलटणी घेऊन किल्ल्याला वेढा घातला. ही घटना पारंपरिकरीत्या इ.स. ७३ मधील मानली जाते. सिल्वाच्या कारकिर्दीची माहिती देणारे शिलालेख इटलीत सापडल्यानंतर अनेक अभ्यासक ती इ.स. ७४ मधील मानू लागले.

रोमनांनी पायथ्याभोवती आठ छावण्या वसवल्या आणि सुमारे ४ किलोमीटर लांबीच्या दगडी भिंतीने किल्ला पूर्णपणे कोंडला. किल्ल्यावरून कोणी निसटू नये हा या भिंतीचा मुख्य हेतू होता. सैन्यासाठी अन्न व पाणी दुरून आणावे लागे, आणि हे काम ज्यू कैद्यांकडून करून घेतले गेले, असे जोसेफस लिहितो.

पश्चिम बाजूस कड्याला टेकलेला एक नैसर्गिक सोंड्यासारखा डोंगर होता. त्यावर दगड, माती आणि लाकूड यांचा भराव टाकून रोमनांनी तटापर्यंत जाणारी चढण तयार केली. तिच्या माथ्यावरून एक उंच मनोरा आणि तट फोडण्याचा धडक-ओंडका पुढे नेण्यात आला. दगडी तट फुटला तेव्हा आतील लोकांनी लाकडी ओंडके आणि माती यांची दुसरी भिंत उभी केली. ओंडक्याच्या धडकांनी ही भिंत कोसळण्याऐवजी आणखी दबून घट्ट होत असे. म्हणून सिल्वाने ती जाळण्याचा हुकूम दिला. वारा आधी रोमनांच्या दिशेने होता, मग उलटला आणि भिंत पेटली. रोमन सैनिक दुसऱ्या दिवशीच्या हल्ल्याची तयारी करून छावण्यांत परतले.

वेढा दोन-तीन वर्षे चालला, असा समज दीर्घकाळ प्रचलित होता. अलीकडील अभ्यासक तो काही महिन्यांचा किंवा त्याहूनही कमी मानतात. तेल अवीव विद्यापीठाच्या संशोधकांनी ड्रोनच्या साहाय्याने वेढ्याच्या बांधकामांची त्रिमितीय मोजणी केली आणि २०२४ मध्ये तिचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांच्या गणितानुसार सुमारे ५,००० माणसांना छावण्या आणि भिंत बांधण्यास दोन आठवड्यांच्या आसपास पुरेसे होते आणि संपूर्ण वेढा काही आठवड्यांत संपला असावा.

जोसेफसचा वृत्तान्त

किल्ल्याच्या अखेरच्या रात्रीचे वर्णन जोसेफसच्या 'ज्यू युद्ध' या ग्रंथाच्या सातव्या भागात येते. तट जळाल्यावर एलाझारने आपल्या साथीदारांना एकत्र करून दोन भाषणे केली आणि गुलामगिरीपेक्षा मरण बरे, असे त्यांना पटवले. दुसऱ्या भाषणात आत्म्याच्या अमरत्वाचा मुद्दा मांडताना तो भारतीयांचे उदाहरण देतो: ज्ञानी भारतीय आयुष्याला एक ओझे मानतात आणि आप्तांचा निरोप घेऊन स्वेच्छेने अग्नीत प्रवेश करतात, असे त्याच्या तोंडी घातले आहे. सिकंदराच्या स्वारीपासून ग्रीक ग्रंथांत भारतीय तपस्व्यांच्या अशा कथा रूढ होत्या. त्यामुळे हे भाषण ग्रीक वाङ्मयीन संकेतांनुसार जोसेफसनेच रचले असावे, या मताला या उल्लेखाने बळ मिळते.

वृत्तान्तानुसार पुरुषांनी प्रथम आपापल्या बायकामुलांना मारले. मग चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या दहा जणांनी उरलेल्यांना मारले. त्या दहांतून पुन्हा चिठ्ठीने निवडलेल्या एकाने इतर नऊ जणांना मारून राजवाड्याला आग लावली आणि स्वतःचा प्राण घेतला. किमती सामान जाळण्यात आले, परंतु धान्याचा साठा मुद्दाम शिल्लक ठेवला. उपासमारीमुळे नव्हे तर आपल्या इच्छेने आपण मेलो, हे शत्रूला कळावे हा त्यामागील हेतू होता. मृतांची संख्या ९६० दिली आहे. एक वृद्ध स्त्री, एलाझारची एक नातेवाईक स्त्री आणि पाच मुले भूमिगत जलवाहिनीत लपून वाचली. सकाळी आत शिरलेल्या रोमनांना त्यांनीच घडलेला प्रकार सांगितला.

जोसेफस स्वतः उठावाच्या प्रारंभी गॅलिलीतील ज्यू सेनानी होता. इ.स. ६७ मध्ये योदफतचा किल्ला पडला, तेव्हा तो काही साथीदारांसह एका गुहेत लपला होता. तेथेही चिठ्ठ्या टाकून एकमेकांना मारण्याचे ठरले. शेवटच्या दोघांत उरलेला जोसेफस रोमनांना शरण गेला आणि पुढे फ्लेवियन सम्राटांच्या आश्रयाने रोममध्ये राहून त्याने आपले ग्रंथ लिहिले. मसादाच्या वेढ्याच्या वेळी तो तेथे उपस्थित नव्हता. योदफत आणि मसादा या दोन प्रसंगांतील साम्य अभ्यासकांच्या चर्चेचा विषय राहिले आहे. स्ट्राबो आणि थोरला प्लिनी यांच्या ग्रंथांत मसादाचा उल्लेख येतो, पण किल्ल्याच्या शेवटाचे वर्णन त्यांच्याकडे नाही.

नंतरचा काळ

किल्ला पडल्यावर काही काळ तेथे रोमन शिबंदी होती. पाचव्या शतकात बायझंटाइन काळातील ख्रिस्ती संन्याशांनी माथ्यावर एक छोटा मठ वसवला. त्यांच्या चर्चच्या भिंती आणि वनस्पती व फळांची चित्रे असलेली मोझॅक फरशी आजही दिसते. मठ ओस पडल्यानंतर किल्ल्याचे स्थान विस्मृतीत गेले.

वास्तू

तटबंदी

माथ्याच्या कडेने सुमारे १,३०० मीटर लांबीचा तट आहे. तो दुहेरी भिंतींचा असून दोन भिंतींमधील जागा आडव्या भिंतींनी खोल्यांत विभागली आहे. हेरोदच्या काळात या खोल्या सैनिकांसाठी व साठवणीसाठी होत्या, तर उठावाच्या काळात बंडखोरांची कुटुंबे त्यांत राहत. जोसेफस तटाचा घेर सात स्टेडिया देतो आणि तो प्रत्यक्ष मोजमापाशी जवळजवळ तंतोतंत जुळतो.

उत्तरेकडील राजवाडा

मसादावरील ही सर्वांत धाडसी वास्तू आहे. पठाराच्या उत्तर टोकाच्या कड्यावर तीन टप्प्यांत ती बांधली असून सर्वांत वरच्या व सर्वांत खालच्या टप्प्याच्या उंचीत सुमारे ३० मीटरचा फरक आहे. वरच्या टप्प्यावर राहण्याची दालने आणि अर्धवर्तुळाकार सज्जा, मधल्या टप्प्यावर वर्तुळाकार बांधकाम आणि खालच्या टप्प्यावर स्तंभांनी वेढलेले दालन व लहान स्नानगृह आहे. कड्यात खोदलेल्या जिन्याने हे टप्पे जोडलेले होते. खालच्या दालनाच्या भिंतींवर संगमरवराचा आभास निर्माण करणारे रंगकाम आहे, आणि स्थानिक दगडाच्या स्तंभांना गिलावा देऊन ते अखंड दगडाचे भासवले आहेत. उत्तरेकडे तोंड असल्याने दिवसाचा बराच वेळ येथे सावली असते आणि दक्षिणेकडील गरम वाऱ्यापासून आडोसा मिळतो.

पश्चिमेकडील राजवाडा

सुमारे ४,००० चौरस मीटर व्याप्तीचा हा राजवाडा किल्ल्यावरील सर्वांत मोठी वास्तू आहे. निवासाची दालने, कारखाने, कोठारे आणि सेवकांच्या खोल्या त्यात होत्या. येथील रंगीत मोझॅक फरशीत वनस्पतींच्या व भौमितिक आकृत्या आहेत, मनुष्य किंवा प्राण्यांच्या आकृत्या नाहीत. मूर्तिचित्रणाविषयीचा ज्यू निषेध हेरोदने येथे पाळलेला दिसतो.

कोठारे आणि स्नानगृह

उत्तरेकडील राजवाड्यालगत लांबट कोठारांच्या रांगा आहेत. धान्य, तेल, द्राक्षमद्य आणि खजूर त्यांत साठवले जात. इटलीतून आलेल्या मद्यकुंभांवर ज्यूडियाचा राजा हेरोद याचे नाव आणि इ.स.पू. १९ या वर्षाशी जुळणारे रोमन कॉन्सलचे नाव लॅटिनमध्ये लिहिलेले आढळले. वाळवंटातील या किल्ल्यावर राजाच्या भोजनासाठी समुद्रापलीकडून मद्य येत असे, याचा तो थेट पुरावा आहे.

मोठे स्नानगृह रोमन पद्धतीचे आहे. त्याच्या उष्ण दालनाची फरशी सुमारे दोनशे ठेंगण्या खांबांवर उचललेली होती. शेजारच्या भट्टीतील गरम हवा फरशीखालून आणि भिंतींतील नळ्यांतून खेळवली जाई. फरशी नाहीशी झाल्याने हे खांब आज उघडे दिसतात.

पाणीव्यवस्था

किल्ल्याच्या उत्तर व दक्षिण अंगाने वाहणाऱ्या दोन ओढ्यांवर बांध घालून पुराचे पाणी पाटांनी वायव्य उतारावर आणले जाई. तेथे खडकात दोन रांगांत १२ प्रचंड टाकी खोदलेली आहेत. त्यांची एकत्रित क्षमता सुमारे ४०,००० घनमीटर आहे. पाणी पाझरू नये म्हणून टाक्यांच्या आतील बाजूस चुन्याचा गिलावा दिलेला होता. या टाक्यांतून माणसे व जनावरे अरुंद पायवाटेने पाणी वर नेत आणि माथ्यावरील टाक्यांत ओतत. वर्षातील एक-दोन पुरांत टाकी भरून घेण्याची ही योजना असल्यामुळेच या कोरड्या कड्यावर तरणतलाव, स्नानगृहे आणि बाग शक्य झाली.

सिनेगॉग आणि शुद्धिस्नानाची कुंडे

वायव्य तटाला लागून एक आयताकृती दालन आहे. बंडखोरांनी त्याच्या भिंतींलगत दगडी बाकांच्या रांगा बांधून त्याचे सिनेगॉग केले. त्याच्या फरशीखाली पुरलेल्या अवस्थेत व्यवस्थाविवरण आणि यहेज्केल या बायबलमधील ग्रंथांच्या गुंडाळ्यांचे तुकडे सापडले. ज्ञात सिनेगॉगांपैकी हे सर्वांत प्राचीनांमध्ये गणले जाते. याच काळातील शुद्धिस्नानाची कुंडेही (मिक्वे) किल्ल्यावर आहेत.

शोध आणि उत्खनन

१८३८ मध्ये अमेरिकन संशोधक एडवर्ड रॉबिन्सन आणि एली स्मिथ यांनी एन गेदीजवळून दुर्बिणीने पाहून हे पठार म्हणजे मसादा असल्याचे ओळखले. १८४२ मध्ये अमेरिकन मिशनरी सॅम्युएल वॉलकॉट आणि चित्रकार विल्यम टिपिंग प्रत्यक्ष माथ्यावर पोहोचले. १९३२ मध्ये जर्मन अभ्यासक आडोल्फ शुल्टेन यांनी रोमन छावण्यांचे आराखडे तयार केले. स्थळाची तपशीलवार पाहणी आणि सर्पवाटेचा माग यांचे मोठे श्रेय श्मार्याहू गुटमन यांना दिले जाते.

मुख्य उत्खनन १९६३ ते १९६५ या काळात दोन हंगामांत पुरातत्त्वज्ञ यिगाएल यादिन यांच्या नेतृत्वाखाली झाले. यादिन हे इस्रायलच्या लष्कराचे माजी प्रमुख होते. अनेक देशांतून आलेल्या हजारो स्वयंसेवकांनी या कामात भाग घेतला. वेढ्याच्या बांधकामांचे उत्खनन मात्र बरेच नंतर, १९९५ मध्ये, सिल्वाच्या छावणीत झाले.

प्रमुख शोध

* सातशेहून अधिक लेखयुक्त खापरे. त्यांपैकी एका ठिकाणी मिळालेल्या ११ लहान खापरांवर एकेक नाव असून एकावर 'बेन याईर' असे लिहिलेले आहे. यादिन यांनी ही अखेरच्या रात्रीची 'चिठ्ठ्यांची' खापरे असावीत, असे सुचवले. जोसेफस दहा जण म्हणतो आणि खापरे अकरा आहेत. शिवाय नावांची खापरे शिधावाटपासाठीही वापरली जात. त्यामुळे हे मत सर्वमान्य नाही.
* बायबलमधील व अन्य धार्मिक ग्रंथांच्या गुंडाळ्यांचे तुकडे. बेन सिराच्या ग्रंथाची मूळ हिब्रू प्रत यांत विशेष महत्त्वाची आहे. त्यापूर्वी हा हिब्रू पाठ मुख्यतः कैरोतील मध्ययुगीन हस्तलिखितांवरून ज्ञात होता.
* गायस मेसियस या रोमन सैनिकाच्या पगाराचा हिशेब असलेला पपायरस. जव, अन्न, बूट, चामडी पट्टे व तागाचा अंगरखा यांपोटी त्याच्या पगारातून केलेली कपात त्यात नोंदवली आहे. दुसऱ्या एका पपायरसवर व्हर्जिलच्या 'इनिड' काव्यातील एक ओळ लिहिलेली आहे.
* राजवाड्याच्या खालच्या टप्प्यावर तीन व्यक्तींचे अवशेष, चिलखताचे तुकडे, चपला आणि स्त्रीची वेणी. दक्षिण कड्यातील एका गुहेत सुमारे २५ व्यक्तींचे सांगाडे.

ऐतिहासिक सत्यतेविषयीचे मतभेद

उत्खननाने जोसेफसच्या वर्णनातील अनेक गोष्टींना दुजोरा दिला. तटाचा घेर, कोठारे, टाकी, वेढ्याची भिंत, चढण आणि आगीच्या खुणा यांत कथा व अवशेष यांचा मेळ बसतो. काही ठिकाणी तो बसत नाही. जोसेफस एकाच राजवाड्याचे वर्णन करतो, प्रत्यक्षात दोन मोठे राजवाडे आहेत. त्याच्या मते धान्यसाठा शाबूत ठेवला होता, पण काही कोठारे जळालेली आढळली.

सर्वांत मोठा प्रश्न मानवी अवशेषांचा आहे. जोसेफसने सांगितलेल्या ९६० मृतांपैकी तीसहूनही कमी व्यक्तींचे अवशेष सापडले. इतर मृतदेह रोमनांनी हलवले किंवा जाळले असणे शक्य आहे, म्हणून ही अनुपस्थिती निर्णायक ठरत नाही. जे सापडले ते बंडखोरांचेच होते का, यावरही वाद आहे. गुहेतील सांगाड्यांसोबत डुकरांची हाडे होती. त्यावरून मानववंशशास्त्रज्ञ जो झायस यांनी ते ज्यूंचे नसावेत, असे मत मांडले. १९६९ मध्ये इस्रायलने हे अवशेष किल्ल्याच्या पायथ्याशी लष्करी इतमामाने दफन केले होते.

इतिहासकार शे कोहेन यांनी १९८२ मध्ये प्राचीन साहित्यातील सामूहिक आत्मनाशाच्या वर्णनांशी तुलना करून असे मत मांडले, की काही बंडखोरांनी कुटुंबीयांना मारून आत्महत्या केली असावी, पण सर्वांनी एकदिलाने घेतलेला निर्णय ही जोसेफसची रचना आहे. रोमन चढणीविषयीही पुनर्विचार झाला. ती बहुतांशी नैसर्गिक सोंडेचीच बनलेली असून रोमनांनी घातलेला भराव समजला जातो त्याहून कमी होता, असे भूशास्त्रज्ञ डॅन गिल यांनी १९९३ मध्ये दाखवून दिले.

प्रतीक म्हणून मसादा

रब्बींच्या प्राचीन साहित्यात मसादाच्या या घटनेला स्थान नाही. ज्यू परंपरेत ती जवळजवळ अठरा शतके दुर्लक्षित होती. विसाव्या शतकात जोसेफसच्या ग्रंथाचे आधुनिक हिब्रू भाषांतर झाले आणि १९२७ मध्ये यित्झाक लामदान यांचे 'मसादा' हे दीर्घकाव्य प्रसिद्ध झाले. त्यानंतर पॅलेस्टाइनमधील ज्यू युवक संघटनांच्या पदयात्रा किल्ल्यावर येऊ लागल्या. इस्रायलच्या स्थापनेनंतर चिलखती दलाच्या सैनिकांचा शपथविधी माथ्यावर होत असे. पुढे हा समारंभ लात्रुन येथे हलवण्यात आला.

समाजशास्त्रज्ञ नाख्मान बेन-येहुदा यांनी १९९५ मधील आपल्या ग्रंथात ही लोकप्रिय कथा कशी घडत गेली, याची चिकित्सा केली. एन गेदीतील हत्याकांड, बंडखोरांचे सिकारी असणे आणि जेरुसलेमच्या लढाईतील त्यांची अनुपस्थिती हे जोसेफसमधील भाग शालेय पुस्तकांतून व पर्यटकांना सांगितल्या जाणाऱ्या कथनातून गळत गेले, असे त्यांनी दाखवले. या चिकित्सेनंतर इस्रायलमध्येही मसादाकडे पाहण्याचा दृष्टिकोन अधिक संमिश्र झाला आहे.

राष्ट्रीय उद्यान

प्रवेशमार्ग

उद्यानाला पूर्व आणि पश्चिम अशी दोन प्रवेशद्वारे आहेत. त्यांना जोडणारा थेट मोटाररस्ता नसल्याने एका बाजूकडून दुसरीकडे जाण्यासाठी अरादमार्गे मोठा वळसा घ्यावा लागतो.

* सर्पवाट: पूर्वेकडून नागमोडी वर चढणारी ही सुमारे २ किलोमीटरची पायवाट आहे. तिचे वर्णन जोसेफसनेही याच नावाने केले आहे. चढ सुमारे ३५० मीटरचा असून साधारणपणे एक तास लागतो. माथ्यावरून सूर्योदय पाहण्यासाठी अनेक जण पहाटे अंधारात चढाई सुरू करतात. तीव्र उन्हाळ्यात दिवसा ही वाट बंद ठेवली जाते.
* रज्जुमार्ग: पूर्व बाजूलाच आहे. तो प्रथम १९७१ मध्ये सुरू झाला आणि १९९० च्या दशकाच्या अखेरीस त्याच्या जागी नवा बांधण्यात आला. माथा गाठण्यास काही मिनिटेच लागतात.
* रोमन चढण: पश्चिमेकडून वेढ्याच्या चढणीवरूनच जाणारी ही वाट सर्वांत सोपी असून तिला सुमारे २० मिनिटे लागतात. तटाला भगदाड पडले त्या जागेजवळ ती माथ्यावर पोहोचते.

पाहणी

माथ्यावरील अनेक भिंतींवर एक काळी रेषा रंगवलेली दिसते. रेषेखालील बांधकाम उत्खननात जसे सापडले तसे मूळचे आहे, तर रेषेवरील भाग पडलेले दगड वापरून पुन्हा रचलेला आहे. दक्षिण टोकाच्या मोठ्या टाक्यात पायऱ्यांनी उतरता येते. उत्तर आणि पूर्व कड्यांवरून पाहिल्यास खालील रोमन छावण्यांचे चौकोन आणि भिंतीची रेषा स्पष्ट ओळखू येते. कोरड्या हवामानामुळे आणि नंतरची वस्ती नसल्याने ती जवळजवळ अखंड राहिली आहे. रोमन वेढ्याची इतकी संपूर्ण रचना जमिनीवर पाहता येईल अशी स्थळे जगात फार थोडी आहेत.

पूर्व प्रवेशद्वाराजवळील, यादिन यांच्या नावाने उभारलेल्या संग्रहालयात उत्खननातील वस्तू मांडलेल्या आहेत. ते २००७ मध्ये सुरू झाले. पश्चिम बाजूस ठरावीक दिवशी रात्री ध्वनी-प्रकाश कार्यक्रम होतो. प्राचीन सिनेगॉगमध्ये ज्यू मुलांचे बार मित्झवा विधी केले जातात. माथ्यावर सावली फार कमी असल्याने टोपी आणि पुरेसे पिण्याचे पाणी सोबत ठेवणे आवश्यक असते.

जीवसृष्टी

कड्यांवर नुबियन आयबेक्स हे रानबोकड आणि ट्रिस्ट्रमची साळुंकी आढळतात. ही काळी साळुंकी उडताना पंखांतील नारिंगी पट्ट्यामुळे ओळखू येते.

यादिन यांच्या उत्खननात मिळालेल्या खजुराच्या बियांपैकी एक बी २००५ मध्ये केतुरा किबुत्झ येथे रुजली. कार्बनकालमापनानुसार ती सुमारे २,००० वर्षांपूर्वीची होती. 'मेथुसेलाह' असे नाव दिलेले हे झाड नर निघाले. ज्यूडियाच्या वाळवंटातील दुसऱ्या प्राचीन बीपासून वाढवलेल्या 'हॅना' या मादी झाडावर त्याचे परागकण वापरण्यात आले आणि २०२० मध्ये त्या झाडाची फळे काढण्यात आली.

संवर्धन

कोरड्या हवामानाने अवशेष जपले असले, तरी त्यांना अनेक धोके आहेत. अचानक येणारे पूर पाट आणि उतार खोदून काढतात. भूकंपप्रवण खचदरीच्या जवळ असल्याने कड्यांचे दगड निखळण्याची शक्यता असते. उत्तरेकडील राजवाड्याच्या खालच्या टप्प्यावरील मूळ रंगकाम जतनासाठी काढून नेऊन त्यावर प्रक्रिया करावी लागली. जागतिक वारसा म्हणून संरक्षित क्षेत्रात किल्ल्याइतकेच रोमन छावण्या, वेढ्याची भिंत आणि चढण यांनाही स्थान आहे. माथ्यावर नवी बांधकामे टाळण्याचे आणि पर्यटन सुविधा पायथ्याशीच ठेवण्याचे धोरण येथे अवलंबले जाते.